अमेरिकन टीव्ही 1971 साली एकदम का बदलला?

तुम्ही विचारलंत की साठच्या दशकातल्या अमेरिकन मालिकांत बोलका घोडा, संसार करणारी चेटकीण, बाटलीतून बाहेर येणारी जिनी. आणि सत्तरचं दशक सुरू होताच वर्णद्वेष, गर्भपात, युद्ध. समाज बदलला म्हणून टीव्ही बदलला का?

समाज बदलला होता हे खरंच, पण तो 1971 च्या बराच आधी. 'गोमर पाइल' 1964 ते 1969 चालली. नायक मरीन दलातला जवान, काळ ऐन व्हिएतनाम युद्धाचा, आणि तरी मालिकेत त्या युद्धाला जागाच नव्हती. मग टीव्हीला इतका उशीर का लागला आणि शेवटी तो एका वर्षात कसा फिरला? माझ्या मते प्रेक्षक मोजायची पद्धत बदलली, हे त्याचं सर्वांत मोठं कारण.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. पन्नासच्या दशकात कार्यक्रमावर हुकूम प्रायोजकाचा चाले. 'टेक्साको स्टार थिएटर', 'क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर' अशी कंपनीची नावं थेट शीर्षकातच असत. मग प्रश्नमंजूषांचा घोटाळा उघड झाला. 'ट्वेंटी-वन'चा लाडका विजेता चार्ल्स व्हॅन डोरेन याने नोव्हेंबर 1959 मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीसमोर कबूल केलं की त्याला उत्तरं आधीच पुरवली जात होती. नेटवर्कना, म्हणजे देशभर कार्यक्रम पुरवणाऱ्या सीबीएस, एनबीसी आणि एबीसी या तीन कंपन्यांना, ही संधीच मिळाली. कार्यक्रमांचा ताबा त्यांनी स्वतःकडे घेतला आणि जाहिरातदारांना पूर्ण कार्यक्रमाऐवजी मिनिटांच्या हिशोबाने वेळ विकायला सुरुवात केली.

आता एका मालिकेत अनेक जाहिरातदार आणि मोजमाप एकच : किती घरांत संच चालू होता. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना चालेल, कुणालाच खटकणार नाही, असंच काहीतरी दाखवण्यात फायदा होता. सीबीएसने हे सगळ्यांत चांगलं ओळखलं. तेल सापडल्यावर डोंगरातून थेट बेव्हर्ली हिल्सला राहायला गेलेल्या कुटुंबाची 'द बेव्हर्ली हिलबिलीज' 1962 साली आली आणि पहिले दोन हंगाम देशात पहिल्या क्रमांकावर राहिली. पाठोपाठ 'पेटिकोट जंक्शन', 'ग्रीन एकर्स'.

दशकाच्या शेवटी जाहिरातदार वेगळा प्रश्न विचारू लागले : पाहणारे आहेत कोण? वय किती, राहतात कुठे, खर्च करतात का? एकूण आकड्यांत मागे पडणारी एबीसी आपले प्रेक्षक तरुण आहेत हे पटवून वेळ विकत होती. सीबीएसचे प्रेक्षक सर्वाधिक, पण वयस्क आणि ग्रामीण. शिवाय न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो अशा मोठ्या शहरांतली टीव्ही केंद्रं सीबीएसच्या स्वतःच्या मालकीची होती, नफा तिथून यायचा, आणि नेमक्या त्याच शहरांत या मालिका कमी पडत होत्या. त्यात जानेवारी 1971 पासून सिगारेटच्या जाहिरातींवर बंदी आली आणि तिन्ही नेटवर्कचं मोठं उत्पन्न बुडालं.

सीबीएसचे अध्यक्ष रॉबर्ट वुड आणि कार्यक्रमप्रमुख फ्रेड सिल्व्हरमन यांनी मग ग्रामीण मालिका एकामागून एक बंद केल्या. त्यातल्या सगळ्या काही पडलेल्या नव्हत्या. 'मेबेरी आर. एफ. डी.' आणि 'ही हॉ' या दोन्ही त्या हंगामात पहिल्या विसांत होत्या! मला हा निर्णय धंद्याच्या दृष्टीने समजतो, पण लाखो म्हाताऱ्या आणि खेड्यातल्या प्रेक्षकांना त्यात 'तुम्ही आम्हाला नको' असं सांगितलं गेलं, हेही विसरू नये. 'ही हॉ' स्थानिक केंद्रांना थेट विकली जाऊन पुढे वीसहून अधिक वर्षं चालली, यावरून तो प्रेक्षक किती निष्ठावान होता ते कळतं.

रिकाम्या झालेल्या जागेत नवी माणसं आली. नॉर्मन लिअरची 'ऑल इन द फॅमिली' एबीसीने दोनदा नमुना भाग करून घेऊनही नाकारली होती. वुड यांनी ती घेतली, आणि 12 जानेवारी 1971 ला न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला आर्ची बंकर आपले सगळे पूर्वग्रह मोठ्याने बोलत लोकांच्या दिवाणखान्यात आला. सुरुवात थंड झाली. उन्हाळ्यातल्या पुनःप्रक्षेपणांनी आणि एमी पुरस्कारांनी तिला उचललं, आणि मग सलग पाच हंगाम ती पहिली राहिली. 1972 साली 'मॅश' आली; कथा कोरियन युद्धातली, पण व्हिएतनामच्या दिवसांत ती पाहणाऱ्याला वेगळं काही सांगावं लागत नव्हतं.

पुढची दशकंही याच नजरेने पाहा. 1981 ची 'हिल स्ट्रीट ब्लूज' आकड्यांत तळाजवळ असूनही एनबीसीने चालू ठेवली, कारण समीक्षक तिच्या बाजूने होते आणि तिचा प्रेक्षक तरुण, शहरी, कमावता होता. एचबीओ या वर्गणीवर चालणाऱ्या वाहिनीला जाहिरातदारच नव्हते, वर्गणीदार होते. एखादी मालिका थोड्यांनाच पण मनापासून आवडली तरी ते वर्गणी भरत राहतात, म्हणून 1999 ची 'द सोप्रानोज' तिथे झाली.

पाहायला सुरुवात करायची तर क्रमाने सगळं पाहत बसू नका. 'हिलबिलीज'चे दोन-तीन भाग पाहा आणि लगेच 'ऑल इन द फॅमिली'चा पहिला हंगाम घ्या. त्यानंतर लिअरचीच 'मॉड', नोव्हेंबर 1972 मधले गर्भपातावरचे दोन भाग. गर्भपात हा घटनात्मक हक्क मानणारा अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाचा रो विरुद्ध वेड निकाल त्यानंतर दोन महिन्यांनी, जानेवारी 1973 मध्ये लागला, हे लक्षात ठेवून ते पाहा.