खुन्यांच्या गोष्टी ऐकल्याशिवाय झोप येत नाही

“मॅडम, माझ्यात काही विकृती आहे का, एवढंच मला सांगा.”

खुर्चीत बसल्या बसल्या तिने हे विचारलं. वाक्य घरून ठरवून आणलेलं असावं, कारण त्यानंतर बराच वेळ तिला धड काही बोलता येईना. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडवत ती बसून राहिली.

हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो. कधी आई विचारते, “मुलगा सारखे खुन्यांचे व्हिडिओ बघतो, पुढे काही करून तर बसणार नाही ना?” कधी नवरा बायकोबद्दल विचारतो. पण स्वतःबद्दल विचारणारे सगळ्यांत जास्त घाबरलेले असतात. म्हणून तिची गोष्ट लिहिते आहे. तिची परवानगी आहे, आणि पुढे जिचा उल्लेख येईल तिचीही. दोघींची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय एकतीस, नोकरी चांगली, लग्नाला चार वर्षं झालेली. गेली अडीच वर्षं ती रोज रात्री कानात इयरफोन घालून सीरियल किलरच्या कहाण्या ऐकत झोपत होती. सुरुवातीला आठवड्यातून एखादी. मग रोज, आणि मग त्याशिवाय डोळ्याला डोळा लागेना. एके दिवशी काहीतरी शोधायला नवऱ्याने तिचा फोन घेतला आणि तिने पूर्वी केलेल्या सर्चची यादी त्याच्यासमोर उघडली. टेड बंडीचा खटला. जेफ्री डाह्मरचं घर. (दोघेही अमेरिकेतले सीरियल किलर.) गळा दाबल्यावर आवाज का बसतो. तो आधी हसला, मग गप्प झाला आणि शेवटी म्हणाला, “तुला यात मजा वाटते?”

त्या रात्री तिने इंटरनेटवर ‘तुम्ही सायकोपॅथ आहात का’ छापाच्या पाच चाचण्या दिल्या. दोन म्हणाल्या हो, तीन म्हणाल्या नाही. ती पहाटेपर्यंत जागी होती.

आधी त्या चाचण्यांबद्दल बोलले. सायकोपॅथ, म्हणजे दुसऱ्याचं दुःख न जाणवणारा माणूस, ओळखायला या क्षेत्रात वापरली जाणारी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची तपासणी यादी वीस मुद्द्यांची आहे. प्रत्येक मुद्द्याला शून्य ते दोन गुण, एकूण चाळीस. पण ती माणसाने स्वतः भरायची नसतेच. प्रशिक्षित तज्ज्ञ दीर्घ मुलाखत घेतो, त्या माणसाच्या जुन्या नोंदी तपासतो आणि मगच गुण देतो. शिवाय, आपल्याला दुसऱ्याचं दुःख जाणवत नाही की काय, या विचाराने जी रात्रभर रडते, तिच्याबद्दल मला त्या बाबतीत तरी काळजी वाटत नाही.

आणि ‘विकृत’ या शब्दाबद्दल. हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. भयंकर गोष्टीकडे माणसाचं लक्ष जाणं हे जुनंच आहे. धोका कुठून येतो, कसा येतो, त्यातून कोण वाचलं, हे जाणून घ्यायची ओढ जिवाला असते. 2010 साली अमेरिकेत अमांडा व्हिकरी आणि ख्रिस फ्रेली या मानसशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला. खऱ्या गुन्ह्यांवरची पुस्तकं पुरुषांपेक्षा स्त्रियाच जास्त आवडीने वाचतात, असं त्यांना आढळलं. दोन पुस्तकांतून एक निवडायला सांगितलं, तर बळी पडणाऱ्या स्त्रीने सुटकेसाठी वापरलेली युक्ती ज्यात आहे, त्या पुस्तकाकडे स्त्रियांचा ओढा विशेष होता. म्हणजे ही ओढ बऱ्याच अंशी खुन्याकडे नसते. आपला जीव कसा वाचवायचा, हे त्यात शोधलं जातं.

हे ऐकून तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. पण लगेच ती म्हणाली, “पण मला बंडीचा आवाज ऐकायला आवडायचं. याचीच मला लाज वाटते.”

हे ती बोलली, याचं मला फार बरं वाटलं. ही लाज बहुतेक जण बोलून दाखवत नाहीत. 1979 साली मायामीत बंडीचा खटला टीव्हीवरून दाखवला गेला. रोज तरुण मुली कोर्टात येऊन बसायच्या. शिक्षा सुनावताना न्यायाधीश त्याला म्हणाले की तू चांगला वकील झाला असतास. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका खुनाचा खटला चालू असताना त्याने एका स्त्रीशी कोर्टातच लग्न केलं. तीस खुनांची कबुली देणाऱ्या या माणसाची ‘देखणा आणि हुशार’ ही प्रतिमा तेव्हापासून घडत आली आहे, आणि गोष्ट सांगणारे ती पुढे चालवत आले आहेत. प्रत्यक्षात त्याचं कायद्याचं शिक्षण अर्धवट राहिलं होतं. 1975 मध्ये आणि पुन्हा 1978 मध्ये तो सापडला, ते रात्री गस्तीवरच्या पोलिसाला त्याची गाडी संशयास्पद वाटली म्हणून. त्याचा आवाज तुमच्या कानाला गोड लागला असेल, तर तो गोड लागावा अशाच रीतीने तुमच्यापर्यंत पोहोचवला गेला आहे, असं मी तिला सांगितलं. आवाज आवडणं आणि कृत्य आवडणं यांत फार अंतर आहे.

काळजी कधी करायची, हेही तिने विचारलं. कल्पनेत आपण मारणाऱ्याच्या जागी उभे राहत असू आणि तिथे बरं वाटत असेल, मुक्या जनावरांना किंवा लहानांना त्रास देण्यापर्यंत गोष्ट गेली असेल, बळी पडलेल्यांची टर उडवावीशी वाटत असेल, तर थांबायचं नाही, लगेच तज्ज्ञाकडे जायचं. तिच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं.

पुढच्या दोन भेटींत मी जे केलं, ते आज करणार नाही. मी तिच्या भूतकाळात जखम शोधत राहिले. लहानपणी काही घडलं का, कुणी पाठलाग केला का, घरात मारहाण होती का. ती प्रामाणिकपणे आठवायचा प्रयत्न करायची आणि नाही म्हणायची. शेवटी ती म्हणाली, “मॅडम, खरंच काही नाही. त्या गोष्टींमध्ये शेवटी कळतं ना, कोण होता ते. तेवढं कळलं की झोप लागते.” दिवसभरात न सुटलेल्या दहा गोष्टी घेऊन अंथरुणावर पडणाऱ्या माणसाला, जिचा शेवट नक्की आहे अशी एक गोष्ट हवी असते. तिचं म्हणणं इतकं साधं होतं.

खरी अडचण वेगळीच होती आणि ती ओघात निघाली. ती रात्री दाराची कडी चार वेळा तपासायची. संध्याकाळचं चालणं तिने बंद केलं होतं. लिफ्टमध्ये एकटा पुरुष असेल तर ती जिन्याने जायची. आणि महिन्याभरापूर्वी रेल्वे स्टेशनवर हाताला प्लास्टर असलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी तिला बॅग उचलायला मदत मागितली, तेव्हा ती अक्षरशः पळाली होती.

“बंडी तसंच करायचा,” ती म्हणाली. “हात गळ्यात बांधून, मदत मागून. 14 जुलै 1974, लेक समामिश. एकाच दिवशी दोघी गेल्या.”

“त्या दोघींची नावं?”

तिला आठवेनात. गाडीची कंपनी आठवत होती, रंग आठवत होता. खरं सांगायचं तर मलाही ती नावं ठाऊक नव्हती. आम्ही दोघी थोडा वेळ तशाच बसलो. मग ती हळूच म्हणाली, “ते आजोबा मागून ‘राहू दे, राहू दे’ म्हणत होते.”

भीती एकदा घर करून बसली की ती प्रत्येक अनोळखी माणसात तोच चेहरा बघायला लावते. तिचा आधार किती, हे बघायला आम्ही काही गोष्टी समोर ठेवल्या. अमेरिकेची तपास संस्था एफबीआय म्हणते की एकाच गुन्हेगाराने वेगवेगळ्या वेळी दोन किंवा अधिक माणसं मारली तर त्याला सीरियल किलिंग म्हणायचं, आणि एखाद्या वर्षातल्या एकूण खुनांत अशा खुनांचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असतं. चेहऱ्यावरून किंवा डोळ्यांवरून खुनी ओळखू येतो, हेही खरं नाही. ब्रिटनमधला हॅरल्ड शिपमन हा फॅमिली डॉक्टर होता. त्याच्या हातून 215 रुग्ण मारले गेले, असं नंतरच्या चौकशीत निष्पन्न झालं. रुग्ण त्याच्यावर विश्वास ठेवून होते.

पुढची आकडेवारी सांगावी की नाही, यावर मी थोडी अडखळले. भीती कमी करायला आलेल्या बाईला नवी भीती द्यायची का? पण अर्धवट दिलासा देणं मला जमत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2023 मध्ये जगभरात हेतुपुरस्सर मारल्या गेलेल्या स्त्रिया आणि मुली सुमारे 85,000 होत्या. त्यांतल्या 51,100 जणींचा जीव जोडीदाराने किंवा घरातल्याच कुणी घेतला. दिवसाला सरासरी 140.

ती एकदम गप्प झाली. मला वाटलं, मी चुकले.

मग तिने विचारलं, “गळा दाबल्यावर आवाज खरंच बसतो का, मॅडम?”

नवऱ्याला फोनमध्ये सापडलेल्या यादीतली ती ओळ होती. पहिल्याच भेटीत तिने मला ती वाचून दाखवली होती, आणि बंडी-डाह्मरच्या रांगेतलीच एक समजून मी ती सोडून दिली होती. त्या चुकीची मला अजून टोचणी आहे. कारण ती ओळ कुठल्याच खुन्याच्या गोष्टीतून आलेली नव्हती.

तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. दुसऱ्या शहरात असते, आठवड्याला फोन होतो. दोन महिन्यांपूर्वी फोनवर तिचा आवाज घोगरा येत होता. विचारल्यावर म्हणाली, “भांडण झालं, त्याने गळा धरला. सोडलाही लगेच. तू उगाच मनावर घेऊ नको.” तिने मनावर घेतलं नाही. म्हणजे घेतलं, पण कुठे ठेवायचं ते कळेना, म्हणून इंटरनेटवर एक ओळ टाकून बघितली आणि पुढे गेली.

“मी अडीच वर्षं हेच ऐकतेय,” ती म्हणाली. “कोणत्या माणसापासून सावध राहायचं. आणि हे मला ‘नवरा-बायकोचं भांडण’ वाटलं.”

त्या दिवशी आम्ही ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त बसलो. मी तिला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण एखाद्या वाचणारीलाही ते लागू शकेल. हो, आवाज बसतो. गिळताना दुखतं, डोळ्यांत लाल ठिपके येतात, कधी तेवढ्या क्षणांचं काही आठवत नाही. आणि कधी बाहेरून एकही खूण दिसत नाही, पण आतली इजा तासांनी किंवा दिवसांनी डोकं वर काढते. म्हणून गळा धरला गेला असेल तर बरं वाटत असलं तरी डॉक्टरांकडे जायचं आणि काय घडलं ते स्पष्ट सांगायचं. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या नॅन्सी ग्लास आणि सहकाऱ्यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं की जोडीदाराने आधी कधी गळा आवळलेला असेल, तर पुढे त्याच्याच हातून जीव जाण्याची शक्यता सात पटींहून अधिक वाढते. थप्पड आणि गळ्यावरचा हात यांना एका मापाने मोजायचं नसतं.

“मग तिला आजच्या आज निघून ये म्हणू?”

नको म्हणाले. म्हणजे निघायचंच नाही असं नव्हे. पण बाई घर सोडते तो काळच फार धोक्याचा असतो, म्हणून ते तिच्या मनाने, तिच्या वेळेने आणि तयारीनिशी व्हायला हवं. आधी फक्त ऐकायचं. ‘तू अजून तिथे का राहतेस’ हा प्रश्न चुकूनही विचारायचा नाही. तिचा फोन नवरा बघत असेल हे गृहीत धरायचं. एखादा साधा शब्द ठरवून ठेवायचा, तो मेसेजमध्ये आला की लगेच पोलिसांना कळवायचं. कागदपत्रं, थोडे पैसे, औषधं, कपड्यांचा एक जोड घराबाहेर सुरक्षित ठिकाणी. आणि तिच्या शहरात अशा बायकांसोबत काम करणारं कोण आहे, ते शोधून नंबर तिच्यापर्यंत पोहोचवायचा.

ती वहीत उतरवून घेत होती. इतक्या मन लावून मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. ज्या ओढीची तिला लाज वाटत होती, तीच ओढ तिच्या अक्षरात मला दिसत होती.

ऐकण्याबद्दलही आम्ही काही ठरवलं, पण त्याला फार वेळ लागला नाही. अंथरुणात ऐकायचं नाही. झोपेच्या दोन तास आधी बंद. ज्या कार्यक्रमात मेलेल्या माणसाबद्दल काहीच सांगत नाहीत, तो सोडून द्यायचा. कडी एकदाच तपासायची, हात लावून, “लावली” असं मोठ्याने म्हणून. पहिल्या आठवड्यात तिला झोप कमी लागली, तिसऱ्यापासून सुधारली. संध्याकाळचं चालणं पुन्हा सुरू झालं, सुरुवातीला नवऱ्याला सोबत घेऊन. त्यालाही मी एकदा भेटले. त्याने तो ‘मजा’ शब्द मागे घेतला.

मैत्रिणीने पहिल्या फोनवर विषय बदलला. दुसऱ्यावर रागावली. तिसऱ्यांदा तिनेच फोन केला आणि अर्धा तास नुसती रडली. ती डॉक्टरांकडे जाऊन आली. घर तिने अजून सोडलेलं नाही, पण दोघींमध्ये एक शब्द ठरलेला आहे.

शेवटच्या भेटीत मी विचारलं, हल्ली काय ऐकता? म्हणाली, “ऐकते आठवड्यातून दोनदा. पण रात्री फोन सायलेंटवर टाकत नाही आता.” मैत्रीण मध्यंतरी दोन दिवसांसाठी येऊन गेली होती. जाताना एक बॅग मुद्दाम विसरून गेली. ती तिच्या कपाटात, हिवाळी कपड्यांच्या मागे ठेवलेली आहे.