ऐनवेळी विचारलेला तपशील

प्रश्न : मी मित्रमंडळींसाठी टेबलटॉप रोलप्लेइंग खेळाचा, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र होऊन बोलत खेळायच्या कथेचा, गेम मास्टर असतो; कथा चालवणे आणि त्यातल्या जगाचे वर्णन करणे हे माझे काम. खेळाडू अचानक पहारेकऱ्याचे नाव किंवा खोलीतील सामान विचारतात आणि मी अडखळतो. सारे आधीच लिहून ठेवावे का?

उत्तर : सारे लिहून ठेवणे कोणालाच शक्य नाही, आणि लिहिलेल्यातले बरेचसे खेळात येतही नाही. नावांची मात्र यादी हाताशी हवीच, कारण ऐनवेळी सुचलेली नावे हमखास एकसारखी निघतात. वापरलेले नाव खोडून त्यापुढे व्यक्ती कोण ते टिपावे. बाकी तपशिलांसाठी, त्या जगात आधीच ठरलेल्या एखाद्या गोष्टीचा इथे काय परिणाम झाला असेल, एवढेच स्वतःला विचारावे. समजा, राज्यात युद्ध चालू आहे आणि खेळाडू वेशीवरच्या पहारेकऱ्याचे वर्णन विचारतात. चांगले सैनिक आघाडीवर गेलेले असल्याने तो म्हातारा असेल, चिलखत त्याला ढगळ होत असेल आणि बोटांना शाई लागलेली असेल, कारण येणाऱ्या प्रत्येकाचे नाव त्याला वहीत लिहावे लागते. ही वही कोण वाचतो, असे एखाद्या खेळाडूने विचारलेच, तर पुढचे कथानक तिथूनच उलगडू शकते, आणि या खेळाचा खरा आनंद मला त्यातच वाटतो.

काहीच सुचले नाही तर खेळाडूलाच विचारावे : "तुझ्या पात्राला आधी काय दिसते?" मात्र रहस्याचा उलगडा ज्यावर अवलंबून आहे, तो तपशील असा सोपवू नये. जे ठरेल ते त्याच क्षणी टिपून ठेवावे, कारण खेळाडू ते विसरत नाहीत.