फक्कीने आखलेले घर

प्रश्न : मी सोलापुरातील एक वास्तुरचनाकार असून चार जणांच्या गटाची प्रमुख आहे. एका जुन्या वस्तीतील साठ कुटुंबांच्या घरांचे काम आमच्याकडे आहे. दोन वेळा नकाशे घेऊन आम्ही बैठका घेतल्या. दोन्ही वेळा सर्वांनी माना डोलावल्या आणि आठ दिवसांनी मोरीच्या जागेवरून बायकांची नाराजी कानावर आली. माझे सहकारी आता चिडू लागले आहेत, तर वरिष्ठ म्हणतात, ‘दया दाखवत बसलात तर मुदत हुकेल.’ अशा कामात करुणेने नेतृत्व करायचे म्हणजे नेमके काय करायचे?

उत्तर : तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते माना डोलावण्याचे. ज्याने आयुष्यात कधी घराचा नकाशा वाचलेला नाही, तो शिकल्यासवरल्या माणसांसमोर ‘हो’ म्हणतो ते भिडेपोटी, आणि त्या होकाराला संमती समजून पुढे जाणे ही आपल्या व्यवसायातली फार जुनी चूक आहे. ती मीही केली आहे.

मुंबईतील भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांचे उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली पदपथावरील झोपड्या हटवण्याचा महापालिकेचा अधिकार मान्य केला, तेव्हा ‘स्पार्क’ या संस्थेच्या मदतीने या बायका एकत्र आल्या आणि 1986 मध्ये ‘महिला मिलन’ ही त्यांची संघटना उभी राहिली. घर कसे हवे हे ठरवायला त्या कागदाकडे वळल्या नाहीत. अंगावरच्या साडीची लांबी त्यांना पाठ होती, त्यामुळे भिंत किती लांब आणि छत किती उंच हे त्या साडीच्या मापाने सांगू शकत होत्या. त्यातून चौदा फूट उंचीचे, पोटमाळ्याचे घर पुढे आले, म्हणजे तेवढ्याच जागेत झोपायला वरची जागा मिळाली. प्रत्येक घरात संडास नको, चार कुटुंबांत मिळून एक असावा, असेही त्यांनी सांगितले. आपल्यापैकी बहुतेकांनी न विचारताच घरात संडास दाखवला असता आणि आपण त्यांचे भलेच केले असे मानले असते. पुढे त्यांनी घरांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती उभारून लोकांना दाखवल्या. त्या काळात त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांनी मुख्यतः एक गोष्ट केली : ठरवण्याचे काम बायकांकडे सोडले आणि ते त्यांना जमेपर्यंत थांबले.

पुण्यातील येरवड्याचे उदाहरण तुमच्या कामाच्या अधिक जवळचे आहे. केंद्राच्या नागरी नूतनीकरण योजनेतून तिथे जी घरे बांधली गेली, त्यांत वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई आणि महिला मिलन यांचा वाटा होता. सगळी वस्ती पाडून इमारती उभ्या करण्याऐवजी फक्त कच्ची घरे पाडली, पक्की तशीच ठेवली आणि नवे घर शक्यतो जुन्याच जागेवर उभे केले. प्रत्येक कुटुंबाला सुमारे 270 चौरस फूट जागा मिळाली आणि खर्चातला दहावा हिस्सा कुटुंबाने उचलला. बोळ तोच राहिला, शेजारीण तीच राहिली. आजारी सासूला शेजारणीच्या भरवशावर ठेवून कामाला जाणाऱ्या बाईसाठी याचे मोल किती, हे कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेले नसते. अर्थात, घरागणिक वेगळे माप आणि वेगळा नकाशा करावा लागत असल्याने वास्तुरचनाकाराचे काम कितीतरी पटींनी वाढते.

म्हणून तुमच्या वरिष्ठांना सांगा की यात दयेचा प्रश्न नाही, वेळापत्रकाचा आहे. लोकांशी बोलायचे दिवस पहिल्यापासून कामाच्या तक्त्यात धरा. गवंड्याने भिंत उचलल्यावर मोरी हलवायची झाली तर जास्त दिवस जातात. मात्र करुणा म्हणजे प्रत्येक मागणीला होकार, असेही समजू नका. पायाची खोली, सांडपाण्याचा उतार आणि अग्निशमन दलाची गाडी शिरेल एवढा रस्ता या बाबतींत ठाम राहा आणि त्यामागचे कारण तिथल्या बोलीत समजावून सांगा.

सहकाऱ्यांची चीडही मनावर घ्या. ज्याने रात्री जागून नकाशा काढला त्याला तो परत आलेला पाहून वाईट वाटणारच, त्याला ‘लोकांसाठी कर’ असे ऐकवून भागत नाही. त्याला सोबत न्या. वस्तीतली आजी भिंतीला हात टेकवून ‘हंड्याची फळी इथवर, याच्या वर माझा हात जात नाही’ असे सांगते, ते त्याने स्वतः ऐकले की पुढचा बदल त्याला स्वतःचा वाटतो; हे मी पाहिले आहे.

तिसरी बैठक सभागृहात घेऊ नका. बायका कामावरून परतल्यावर, संध्याकाळी वस्तीतल्याच मोकळ्या जागेवर चुन्याच्या फक्कीने एक घर खऱ्या मापात आखा. त्यात खाट, पाण्याचे पिंप आणि शेगडी आणून ठेवा, आणि भांडी घासायला बाई कुठे बसते ते तिलाच बसून दाखवू द्या. तुम्ही मोरी मागच्या बाजूला दिली असावी असा माझा अंदाज आहे. दारातून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत भांडी घासण्याची सवय असलेली बाई तिथे बसणार नाही. ती फक्कीची रेघ पायाने पुसून दाराजवळ नवी ओढेल, तेव्हा तिथेच टेप लावून माप लिहून घ्या.