एज्युकॉम्पचे शेअर ‘ॲव्हरेज’ करावेत का?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. शाळेत ‘स्मार्ट क्लास’ आला तेव्हा २०१०मध्ये ते पुरवणाऱ्या एज्युकॉम्प कंपनीचे २०० शेअर ६०० रुपयांनी घेतले. आता भाव अगदी काही रुपयांवर आलाय. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कंपनीच्या बाजूने लागल्याचं ऐकलं. ४० हजारांचे आणखी घेऊन ॲव्हरेज करावं का, म्हणजे सरासरी खरेदी भाव खाली आणावा का? यंदा इक्विटी फंड विकून ३ लाखांचा दीर्घ मुदतीचा नफा झालाय.

उत्तर : बाई, एक रुपयाही घालू नका. ॲव्हरेज करायचं ते धंदा शाबूत असलेल्या कंपनीत. इथे शेअर घसरला तो बाजाराच्या लहरीमुळे नव्हे.

जानेवारी २००६मध्ये १२५ रुपयांना आलेला हा शेअर दोन वर्षांत काही हजारांवर गेला होता. कंपनी वर्गात फळा, प्रोजेक्टर, संगणक स्वतःच्या पैशाने बसवायची आणि शाळा पाच वर्षं हप्ते द्यायची. पुढे मध्यस्थ म्हणून ‘एज्यु स्मार्ट’ ही वेगळी कंपनी आली. एज्युकॉम्प तिला सामान विकून विक्री लगेच खात्यात धरायची, एज्यु स्मार्ट शाळांकडून येणाऱ्या हप्त्यांवर बँकांचं कर्ज उचलायची आणि त्या कर्जाला हमी एज्युकॉम्पचीच. म्हणजे नफा आज दिसायचा, पैसा पाच वर्षांत यायचा आणि शाळेने हप्ता थकवला की बोजा फिरून एज्युकॉम्पवरच. वर्गात काय व्हायचं ते तुम्ही पाहिलंच असेल. प्रोजेक्टरचा दिवा गेला, दुरुस्तीला माणूस आला नाही की मुख्याध्यापक हप्ता रोखून धरणारच. त्यात शाळांच्या जमिनी-इमारतींमध्येही पैसा अडकला. २०१३मध्ये कर्जाची फेररचना झाली, मे २०१७मध्ये प्रकरण दिवाळखोरी प्रक्रियेत गेलं.

सप्टेंबर २०२१चा निकाल एवढाच, की एज्युकॉम्प घेण्यासाठी बोली लावणाऱ्या एबिक्स कंपनीला, कर्ज देणाऱ्या धनकोंनी मंजूर केलेली आपली योजना मागे घेता येणार नाही. त्या योजनेतला पैसा आधी धनकोंचा. दिवाळखोरी कायद्याच्या वाटपात शेअरधारक रांगेत शेवटी उभा असतो. डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीत २०२१ साली कंपनी नव्या मालकाकडे गेली, जुन्या शेअरधारकांच्या हाती शून्य आलं.

तुमच्या हातात आता खरी किमतीची गोष्ट आहे ती म्हणजे हा तोटा. १ लाख २० हजारांचे शेअर समजा २ रुपयांनी, म्हणजे ४०० रुपयांना गेले, तर तोटा १,१९,६००. दीर्घ मुदतीचा तोटा दीर्घ मुदतीच्या नफ्यातूनच वजा होतो आणि तो तुमच्याकडे यंदा आहे. ३,००,०००मधून तोटा आणि मग अशा नफ्यावरची १,२५,०००ची करसूट वजा केली की करपात्र राहतात ५५,४००. साडेबारा टक्क्यांनी कर ६,९२५. एरवी २१,८७५ झाला असता. सेस सोडून १४,९५० रुपये वाचतात. नफा सव्वा लाखाच्या आतच असता तर मात्र थांबा म्हटलं असतं, कारण तोटा आधी वजा होतो आणि करमुक्त नफ्यावरच खर्ची पडतो.

मार्च संपायच्या आत विका. आधी ब्रोकरला विचारा, शेअरचे व्यवहार चालू आहेत का. स्थगित असतील तर डिमॅटमध्ये भाव शून्य दिसला तरी करासाठी तो तोटा धरला जात नाही. तेव्हा बाजाराबाहेर हस्तांतर करता येईल का ते सीएला विचारूनच ठरवा, नातेवाइकाच्या नावावर नुसते टाकून देऊ नका. २०१०ची कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरने दिलेली खरेदीची पावती, शोधून ठेवा. जुन्या शेअरची खरेदी किंमत ठरवताना ३१ जानेवारी २०१८चा भाव पाहण्याचा जो नियम आहे, तो तुमच्या आड येत नाही. तुमची खरेदी त्यापेक्षा महाग आहे, म्हणून ६०० रुपयेच धरले जातील. विक्री पुढच्या वर्षावर गेली, तर त्या वर्षीच्या नफ्यातून न वजा झालेला तोटा ८ वर्षं पुढे नेता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं तरच.

ते ४० हजार पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाला. दर तीन महिन्यांनी व्याज खात्यात येईल.