प्रोसिजरल टेक्स्चर (फोटोऐवजी सूत्रानं बनवलेला पृष्ठभागाचा रंग-पोत) वापरल्यानं ग्राफिक्स कार्डाची मेमरी खरंच वाचते का?

वाचते. पण फुकट वाचत नाही, आणि एका ठिकाणी उलटी जास्त जाते.

तुम्ही लिहिलंय की कार्ड ६ जीबीचं आहे, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स रेंडररमध्ये (सीनचं अंतिम चित्र काढणारा भाग) कौलारू घराचा सीन आहे, भिंती, जमीन, कौलं सगळ्यांना ४के फोटो टेक्स्चर लावलेत आणि रेंडर लावलं की मेमरी संपल्याचा मेसेज येतो. आधी हिशेब बघा. ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे एक रंगीत चित्र ६४ एमबी. डिस्कवर जेपीजी फाइल ५ एमबीची दिसली तरी कार्डावर ती पूर्ण उलगडून बसते. दहा मटेरियलना अशी तीन-तीन चित्रं लावली की जवळजवळ २ जीबी तिथंच गेले. ८के घेतलंत तर एकेक चित्र २५६ एमबी.

प्रोसिजरलमध्ये चित्र नसतंच. किरण भिंतीवर जिथं पडतो, त्या बिंदूचा रंग सूत्रानं तिथल्या तिथं काढला जातो. केन पर्लिन यांनी १९८५ साली मांडलेला नॉइज, म्हणजे सूत्रानं काढलेला सलग पण अनियमित नमुना, आजही याच्या मुळाशी आहे. म्हणजे मेमरीचा भार गणितावर जातो, आणि गणित हे जीपीयूचं, म्हणजे ग्राफिक्स कार्डावरच्या चिपचं, आवडीचं काम.

मी बेळगावात आर्किटेक्ट लोकांना थ्रीडी व्ह्यू करून देतो. खानापूरकडच्या एका घराला जांभ्याची, म्हणजे भोकाभोकांच्या लाल दगडाच्या चिऱ्यांची, भिंत होती. मी छान फोटो टेक्स्चर लावून व्ह्यू केला. कामावरच्या म्हाताऱ्या गवंड्यांनी लॅपटॉपवर बोट ठेवलं, "हे भोक हितं हाय, हितं बी तेच, तितं बी तेच. एकच चिरा परत परत लावलायसा काय ओ?" त्या दिवसापासून जांभा मी फोटोनं करत नाही.

जांभा आधी हातात घेऊन बघा. भोकं गोल नसतात, वेडीवाकडी, एकमेकांत शिरलेली असतात, आणि पुष्कळ भोकांत पिवळट माती असते. लाल रंगही एक नाही, एकाच चिऱ्यात विटकरी, काळपट आणि पिवळसर असे तीन तरी सापडतात. मशीननं कापलेल्या चिऱ्यावर पात्याच्या कमानीसारख्या रेघा राहतात, हातानं तासलेल्यावर टिकावाचे घाव. आपल्याकडच्या पावसात खालचे दोन-तीन थर शेवाळानं काळवंडतात.

हेच नोडमध्ये, म्हणजे ब्लेंडरमध्ये एकमेकांना जोडून मटेरियल बनवायच्या ठोकळ्यांमध्ये, उतरवायचं. थरांसाठी ब्रिक टेक्स्चर घ्या, त्याचा एक रंग काळा आणि दुसरा पांढरा ठेवा, म्हणजे प्रत्येक चिऱ्याला वेगळी करडी छटा मिळते. ती छटा मोठ्या आकड्यानं गुणून व्होरोनॉयच्या (जागेची अनियमित घरं पाडणारं टेक्स्चर, यातूनच भोकं होतात) व्हेक्टरमध्ये, म्हणजे बिंदूची जागा सांगणाऱ्या इनपुटमध्ये, मिळवा. प्रत्येक चिऱ्याची भोकं वेगळी होतात. हे काम फोरडी व्होरोनॉयनंही होतं, पण थ्रीडीत दर बिंदूला २७ घरं तपासावी लागतात आणि फोरडीत ८१, म्हणून मी ते टाळतो. व्हेक्टरमध्ये थोडा नॉइज मिसळला की भोकांचा गोलपणा मोडतो. मग कलर रॅम्प (आकड्यांना रंग देणारा नोड) आवळून भोकाच्या तळाला पिवळी माती. करवतीच्या रेघांना वेव्ह टेक्स्चरचे रिंग्ज, अगदी हलके. शेवाळ उंचीवर अवलंबून ठेवा आणि त्याची कड नॉइजनं फाडा. सरळ रेघेत शेवाळ आलं की भिंत रंगवल्यासारखी दिसते.

टेक्स्चर भिंतीवर कुठं बसायचं ते सांगणारे कोऑर्डिनेट जनरेटेड ठेवू नका. लांब भिंतीवर भोकं ताणली जातात. स्केल अप्लाय करून ऑब्जेक्ट कोऑर्डिनेट घ्या. ब्रिक टेक्स्चर फक्त एक्स आणि वाय बघतं, त्यामुळं उभ्या भिंतीवर नुसते पट्टे येतात. मॅपिंग नोडनं ते ९० अंशात फिरवावं लागतं. यात माझा एक अख्खा दिवस गेला होता.

आता मेमरी उलटी जास्त जाते असं सुरुवातीला म्हटलं ते ठिकाण. भोकं खरोखर खोल दाखवायला डिस्प्लेसमेंट (पृष्ठभागच आतबाहेर सरकवणं) लावलंत तर भिंतीची लाखो त्रिकोणांत फोड होते आणि टेक्स्चरमध्ये वाचवलेली मेमरी जॉमेट्री खाते. तुमच्या कार्डावर बंपच बरा, तो आकार न बदलता नुसत्या उजेड-सावलीनं खोलपणा भासवतो. पण बंपला जोडलेलं नोडचं सगळं जाळं सायकल्स तीनदा मोजतं, म्हणून त्यात बारीक नॉइज भरू नका. नॉइजचं डिटेल सेटिंग १५ पर्यंत जातं, मला ५-६ च्या पुढं फरक दिसत नाही, वेळ मात्र वाढतो.

सागवानी दाराला मी अजून फोटोच वापरतो. लाकडाच्या गाठी सूत्रानं बऱ्या होतात, पण जुन्या दारावर हात लागून आलेली झिलई मला कधी जमली नाही.

आणि सगळं बदलायच्या आधी एक करा. रेंडर सेटिंगमधल्या सिम्प्लिफायमध्ये जाऊन टेक्स्चर लिमिट २०४८ करा. ६४ एमबीचं चित्र १६ वर येतं. रेंडर चाललं तर आजचं काम उरकून घ्या आणि जांभ्याची भिंत सवडीनं बनवा. तरीही अडकलं तर टेक्स्चर सोडून आधी कौलं बघा. प्रत्येक कौल वेगळी कॉपी असेल तर मेमरी तिथंच जातेय, ती सगळी इन्स्टन्स करा, म्हणजे एकाच कौलाची जॉमेट्री सगळीकडे वापरली जाते.