गरीब वस्त्यांना टॅक्स सवलत दिली तर तिथल्या लोकांचं भलं होतं का?

अमेरिकेतल्या अपॉर्च्युनिटी झोनचं, म्हणजे जिथे पैसे गुंतवले की टॅक्स सवलत मिळते अशा गरीब वस्त्यांचं, उदाहरण सांगतो. सवलत नेमकी कशावर देताय त्यावर सगळं आहे बघा. 2017 च्या टॅक्स कायद्यातून हे झोन आले, देशभर 8,700 च्या वर भाग निवडले, आणि तिथल्या फंडात पैसे टाकून 10 वर्षं ठेवले की त्या गुंतवणुकीच्या नफ्यावर कॅपिटल गेन टॅक्सच नाही, मग पैसा गेला तो जास्त करून जागा आणि बिल्डिंगांमध्ये, आणि तोही मोजक्याच भागांत, कितीतरी झोन कोरडेच राहिले. नोकऱ्या किती दिल्या याची अटच नव्हती! भाड्याने राहणाऱ्या माणसाच्या हातात यातून काय पडणार? मला हेच सगळ्यात खटकतं.

त्याआधी 1990 च्या दशकात एम्पॉवरमेंट झोन होते, शिकागो, डेट्रॉइट, बाल्टिमोर वगैरे शहरांत. तिथे सवलत पगारावर होती, म्हणजे झोनमध्येच राहणारा माणूस झोनमध्येच कामाला ठेवला तर मालकाला वर्षाला माणशी 3,000 डॉलरपर्यंत टॅक्स माफ, शिवाय शहरांना थेट निधी पण मिळाला. तिथे रोजगार आणि पगार वाढल्याचं काही अभ्यासांत दिसलं, सगळ्याच नाही.