जाड भिंतीआडचा डेस्कटॉप: वायफायसाठी डोंगल घ्यावा की कार्ड?

प्रश्न : आमचे घर मंगळवार पेठेत असून जुने, जाड दगड-मातीच्या भिंतींचे आहे. फायबरवाल्यांनी राउटर माडीवर बसवला आहे आणि डेस्कटॉप मात्र खालच्या खोलीत, लोखंडी कपाटाला लागून आहे. त्याला वायफाय नाही. राजारामपुरीतील दुकानदाराने दोन वस्तू दाखवल्या : एक नखाएवढा डोंगल, ज्यावर ‘एसी 600’ असे छापले होते, आणि एक आत बसवायचे कार्ड, ज्यावर ‘एएक्स 3000’ होते. आमची जोडणी 100 मेगाबिटची आहे आणि संगणकात विंडोज 10 आहे. काय घ्यावे?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : खोक्यावरचे आकडे आधी बाजूला ठेवू, कारण ते बेरजेचे आहेत. ‘एसी 600’ म्हणजे 2.4 गिगाहर्ट्‌झवर 150 आणि 5 गिगाहर्ट्‌झवर 433 मेगाबिट यांची बेरीज करून, वर थोडी पदरची भर घालून, काढलेला आकडा. ‘एएक्स 3000’ मधले 574 आणि 2402 हेही तसेच. संगणक एका वेळी सहसा एकाच पट्ट्यावर, म्हणजे 2.4 किंवा 5 गिगाहर्ट्‌झवर, जोडलेला असतो, त्यामुळे ही बेरीज आपल्या पदरात कधीच पडत नाही. शिवाय 2402 चा वेग मिळण्यासाठी राउटरलाही 160 मेगाहर्ट्‌झ रुंदीची वाहिनी चालवता आली पाहिजे, आणि ते सारे जमले तरी आपली जोडणी 100 मेगाबिटचीच राहते. म्हणून आपल्यापुरता प्रश्न वेगाचा नसून माडीवरचा सिग्नल त्या कपाटाशेजारी किती शिल्लक उरतो, याचा आहे.

ते पाहण्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. आपला मोबाईल संगणकाच्या कॅबिनेटच्या मागे, जिथे डोंगल किंवा अँटेना येणार नेमक्या त्याच ठिकाणी, जमिनीवर ठेवावा आणि आधी 2.4 व नंतर 5 गिगाहर्ट्‌झवर वेग मोजावा; राउटरने दोन्हींना एकच नाव दिले असेल, तर सेटिंगमधून नावे वेगळी करून घ्यावीत. मग तोच मोबाईल टेबलावर, कपाटापासून दोन हात लांब ठेवून पुन्हा मोजावा. जुन्या वाड्यांच्या भिंतींतून 5 गिगाहर्ट्‌झच्या लहरी लवकर क्षीण होतात. 2.4 च्या लहरी तुलनेने पार जातात, पण त्या पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, 1, 6 आणि 11, आणि पेठेत भिंतीला भिंत लागून घरे असल्यामुळे शेजाऱ्यांचे राउटरही त्यांतच गर्दी करून असतात.

जमिनीवर आणि टेबलावर मोजलेल्या आकड्यांत मोठी तफावत दिसली, तर उत्तर तिथेच मिळाले असे समजावे. नखाएवढा डोंगल आपल्यासाठी नाही. त्यात अँटेना बसायला जागाच नसते, आणि तो लावला जातो कॅबिनेटच्या मागे, म्हणजे एकीकडे पत्रा, दुसरीकडे भिंत आणि शेजारी कपाट. आत बसवायच्या कार्डाबद्दल दुकानदार मोठ्या उत्साहाने बोलतात, पण त्याच्या अँटेनाच्या दोन दांड्याही याच कोपऱ्यात उभ्या राहतात. कार्ड घ्यायचेच तर ज्याच्या अँटेना वायरीने जोडलेल्या वेगळ्या बैठकीवर असतात आणि ती बैठक टेबलावर ठेवता येते, असे घ्यावे. त्याआधी कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडून कार्ड ज्यात बसते तो साधारण अडीच सेंटिमीटर लांबीचा पीसीआय-एक्स्प्रेस स्लॉट रिकामा आहे की ग्राफिक कार्डाखाली झाकला गेला आहे, हेही पाहावे. कॅबिनेट बुटके असेल, तर कार्डासोबत आखूड लोखंडी पट्टी मिळते का, तेही विचारावे.

माझे मत विचाराल, तर आपण ‘एसी 1200’ दर्जाचा, बाहेर दोन अँटेना असलेला यूएसबी डोंगल घ्यावा आणि तो एक मीटरच्या एक्स्टेंशन वायरीने टेबलावर आणावा. ही वायर स्वस्तातली असली तरी ती टाळू नये, कारण यूएसबी 3 च्या पोर्टातून आणि वायरीतून निघणारा गोंगाट नेमका 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात पडतो आणि डोंगल पोर्टापासून दूर नेला की तो त्रास कमी होतो. यूएसबी 2 चे पोर्टही आपल्याला पुरेल. त्याची कागदावरची मर्यादा 480 मेगाबिट आहे आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी मिळाले, तरी 100 मेगाबिटची जोडणी त्यात मावते. ‘वायफाय 6 ई’ लिहिलेल्या वस्तूसाठी जादा पैसे देऊ नयेत, कारण तिचा 6 गिगाहर्ट्‌झचा पट्टा विंडोज 10 मध्ये चालतच नाही.

आणि मोबाईल टेबलावर ठेवूनही वेग रडतखडतच आला, तर कोणताही अ‍ॅडॉप्टर, म्हणजे डोंगल असो वा कार्ड, चमत्कार करणार नाही. ‘हाय पॉवर’ या शब्दांना भुलू नये. अ‍ॅडॉप्टर मोठ्याने बोलला, तरी राउटरचे बोलणे त्याला ऐकू यावे लागतेच. अशा वेळी जिन्याच्या कडेने राउटरपासून कॅट 6 ची नेटवर्क वायर खाली आणावी. ती 100 मीटरपर्यंत चालते, आणि डेस्कटॉपला तिचे पोर्ट बहुधा आधीपासूनच असते.

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरातील आमच्या वर्कशॉपच्या ऑफिसमधील संगणकात वायफाय-ब्लूटूथ कार्ड बसवले. इंटरनेट सुरू झाले, पण ब्लूटूथ कुठेच दिसत नाही. कार्ड सदोष आहे का?
— एक उद्योजक

उत्तर : बहुधा नाही. अशा कार्डातील वायफाय पीसीआय-एक्स्प्रेस स्लॉटमधून चालते, ब्लूटूथ मात्र यूएसबीवर चालते. त्यासाठी खोक्यात एक बारीक वायर आलेली असते. तिचे एक टोक कार्डावर आणि दुसरे मदरबोर्डवरील नऊ पिनांच्या यूएसबी जागेवर लावायचे असते. बसवणाऱ्याने ती खोक्यातच ठेवली असण्याची शक्यता मोठी आहे. जागा शोधताना बोर्डावर ‘एफ-यूएसबी’ किंवा ‘जे-यूएसबी’ अशी अक्षरे पाहावीत आणि नसलेल्या पिनेची मोकळी जागा वायरीवरील बंद छिद्रासमोर येईल असे बसवावे. उलटे दाबू नये. प्लग काढल्याशिवाय कॅबिनेट उघडू नये, आणि ग्राइंडिंगची लोखंडी धूळ आत गेली असेल, तर ती आधी ब्रशने काढावी, कारण ती बोर्डावर शॉर्ट करू शकते. दोन्ही अँटेना घट्ट फिरवल्या आहेत का, हेही पाहावे. ब्लूटूथही त्यांच्यावरच चालते.

प्रश्न : मी लिनक्स वापरतो. कोणत्या कंपनीचा डोंगल घेऊ?
— एक विद्यार्थी, विद्यापीठ परिसर

उत्तर : कंपनी पाहू नये, आतली चिप पाहावी. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत दोन वेगळ्या चिप निघतात, म्हणून खोक्यावरील ‘व्ही 1’, ‘व्ही 2’ ही बारीक अक्षरेही वाचावीत. मीडियाटेकच्या एमटी 7612 यू या चिपचा ड्रायव्हर (ती चालवणारे सॉफ्टवेअर) लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, 4.19 या आवृत्तीपासून आतच आहे. कार्ड चालणार असेल, तर इंटेलची एएक्स 200 किंवा एएक्स 210 घ्यावी. एएक्स 201 आणि एएक्स 211 ही नावे जवळची वाटली, तरी ती इंटेलच्या ठरावीक बोर्डांवरच चालतात. चिपचे नाव दुकानदाराला सांगता आले नाही, तर ‘चालला नाही तर परत घेणार’ हे बिलावर लिहून घ्यावे. तोवर अँड्रॉइड मोबाईल यूएसबीने जोडून टेदरिंग (मोबाईलचे इंटरनेट संगणकाला देण्याची सोय) सुरू केले, की बहुतेक फोन घरचे वायफायच संगणकाला देतात आणि ड्रायव्हर उतरवून घेता येतो.